सरमेची फिर्याद

गेल्या श्रावणांत आमच्या मागील पडवींत एक भटकी कुत्री व्याली. चौथ्या दिवशीं आमचा धाकटा नातू एक पिलूं उचलावयास वांकला, तोंच ती गुरगुरत त्याच्या अंगावर धांवली. दांत लागला नाहीं, हें दैव. तथापि घरांत एकच गलबला झाला आणि चारही पिलें पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडावीं, असें ठरलें. आम्हींही मान डोलाविली.

रात्रीं मात्र आम्हांस महाभारताच्या आदिपर्वाचें स्मरण झालें. जनमेजयाच्या सत्रांत सरमा नामक देवशुनीचा पुत्र आला असतां राजाच्या बंधूंनीं त्यास मारिलें. तो रडत मातेकडे गेला. माझ्या पुत्रानें हविर्द्रव्यास तोंड लाविलें नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं; मग त्यास कां मारिलें, असें सरमेनें येऊन विचारिलें. कोणीही उत्तर दिलें नाहीं. हा प्रसंग आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें सांगितला. आणि आमच्याच पडवींत सरमा उभी राहिली, तेव्हां आम्ही पोतें शोधीत होतों!

कुत्रीचा गर्भकाळ सुमारें 63 दिवसांचा असतो. पिलूं जन्मतें तें मिटल्या डोळ्यांचें व बंद कानांचें. डोळे उघडावयास सुमारें दोन आठवडे लागतात. तोंवर स्वतःच्या देहाची ऊब राखण्याचेंही सामर्थ्य त्याच्या ठायीं नसतें. मातेनें चाटल्यावांचून त्यास मलमूत्रविसर्जनही साधत नाहीं. अशीं पिलें मातेवेगळीं केल्यास तीं वांचण्याची आशा फार थोडी. म्हणूनच ती गुरगुरते. तें गुरगुरणें ही पूर्वसूचना असते. ती न मानिल्यास मग दांत.

अपत्यरक्षणाची ही रीत ज्याची त्याची निराळी. मांजरी पिलाची मान तोंडांत धरून त्यास दुसरीकडे नेते, तर वानराचें पोर स्वतःच आईच्या पोटास बिलगून राहतें; यावरूनच रामानुजीयांनीं ईश्वरकृपेविषयीं मार्जारकिशोर व मर्कटकिशोर हे दोन न्याय योजिले. टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते व जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर आक्रोश करीत झेपा घेते. मगरीच्या जबड्याची ख्याती सर्वांस ठाऊक आहे. परंतु नुकतीं अंड्यांतून निघालेलीं पिलें ती त्याच जबड्यांत अलगद धरून पाण्यांत नेऊन सोडते.

सकाळीं आम्हीं पोत्याचा बेत रद्द केला. पडवीस फळी आडवी लाविली, आणि कुत्रीचें अन्न दहा हात दूर ठेवण्याचें काम नातवाकडे दिलें. आई जवळ असतां पिलास हात लावावयाचा नाहीं, ही एकच अट. वाचकांनींही आपल्या मुलांस हें अवश्य शिकवावें. दांत लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें 15 मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. कुत्रीविषयींच्या दयेनें यांत ढिलाई होतां कामा नये.

दोन महिन्यांनीं चारही पिलें परिचितांच्या घरीं गेलीं. मग नगरपालिकेमार्फत कुत्रीची शस्त्रक्रिया करविली व तिला रेबीजची लस टोंचविली. 2023 च्या नियमांनुसार अशा कुत्रीस पूर्वीच्याच जागीं आणून सोडावें लागतें. तशी ती परत आली. नातवास पाहतांच ती शेपूट हालविते. आमच्याकडे मात्र अद्याप संशयानें पाहते, आणि त्याबद्दल आमची कांहींच तक्रार नाहीं.