पोराला दोरी बांधली तर बिघडलं कुठं?

गेल्या नवरात्रातली गोष्ट. माझ्या अडीच वर्षांच्या लेकाला घेऊन मी महाद्वार रोडनं अंबाबाईच्या देवळाकडं चालले होते. त्याच्या छातीवर आणि खांद्यांवर बसणारा कापडी पट्टा होता आणि पट्ट्याच्या पाठीला जोडलेली चारेक फुटांची दोरी माझ्या हातात होती. समोरून येणाऱ्या एक मावशी थबकल्या. आधी पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "आगं, प्वार हाय का कुत्रं?" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. एका कॉलेजच्या पोरानं मोबाईल वर केला. मी मान खाली घालून पुढं गेले.

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, पण जरा लांबलचक आहे.

आधी गर्दीत पोराचा हात धरणं म्हणजे काय ते बघू. अडीच वर्षांचं मूल असतं साधारण तीन फुटांचं. आपण त्याचा हात धरतो तेव्हा तो हात सतत त्याच्या डोक्याच्या वर असतो. तुम्ही एकदा एक हात वर करून बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत चालून बघा. खांदा भरून येईल. मुलाचंही तेच होतं. मग ते हात पिळून सोडवतं आणि आपण घाबरून हिसका देतो. अशा हिसक्यानं पाच वर्षांखालच्या मुलाच्या कोपरातलं हाड जागेवरून सरकू शकतं. डॉक्टर ते सहसा पटकन बसवतात, पण तोवर पोर हात लोंबता ठेवून रडत बसतं. इंग्रजीत या दुखण्याला 'नर्समेड्स एल्बो' म्हणतात, म्हणजे मुलं सांभाळणारीचं नावच त्याला चिकटलंय. छातीच्या पट्ट्याचा ताण सगळ्या धडावर पडतो आणि पोराचे दोन्ही हात मोकळे राहतात. हात धरणं प्रेमाचं आणि दोरी अपमानाची, हे आपण मोठ्यांनी ठरवलंय. तीन फुटांवरून बघणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही.

दुसरा आक्षेप असतो 'हे आपल्यातलं नाही' असा. खरंच? बारशाच्या आधीपासून आपण पोराच्या कमरेला करदोडा बांधतो. मनगटात मनगट्या घालतो, पायात वाळे घालतो आणि त्या वाळ्यांच्या आवाजावरून पोर कुठल्या खोलीत आहे ते स्वयंपाकघरात बसून ओळखतो. जत्रेत पोराच्या मुठीत पदराचं टोक देणाऱ्या बायका तुम्हीही बघितल्या असतील. आणि दामोदर हे नाव? दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. यशोदेनं पोटाला दोरी बांधून उखळाला जखडलेलं पोर म्हणजे दामोदर. ती शिक्षा होती, हे मान्य. पण दोरी बांधलेल्या त्या पोराला आपण कुत्रं म्हटलं नाही, त्याचं नाव आपल्या मुलांना ठेवलं.

आता भीतीबद्दल, कारण कोल्हापुरात हा विषय भीतीशिवाय निघतच नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली 1990 ते 1996 या काळात गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुलं पळवत होत्या आणि चोरी करताना त्यांचा वापर करत होत्या. त्यातली काही मुलं त्यांनी मारली. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या दिरंगाईमुळे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. माझ्या पिढीतल्या कोल्हापूरच्या पोरांना "हात सोडलास तर ती बाई नेईल" हे वाक्य पाठ आहे. आम्ही ते ऐकत वाढलो आणि आता आई-बाप झालोय.

त्या भीतीनं माझ्याकडून काय करवलं ते सांगते.

नवरात्राच्या आधीची दिवाळी. तोच रस्ता, खरेदीची तीच गर्दी. पोरगं तेव्हा नुकतंच पळायला शिकलं होतं. पैसे द्यायला मी त्याचा हात सोडला आणि ते गेलं. चार-पाच मिनिटं असतील, पण त्या मिनिटांबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही. मग दिसलं, की एक फुगेवाला त्याचं मनगट घट्ट धरून उभा आहे. मी ओरडले, "ए, सोड त्याला!" पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याच्याभोवती दहाजण जमले आणि एकानं त्याची कॉलर धरली. तो बिचारा हिंदीत सांगत होता की पोरगं एकटं रडत होतं, म्हणून धरून ठेवलंय, आईला हाका मारतोय. "नाही, नाही, त्यांनीच सांभाळलं," असं मी म्हणेपर्यंत त्याचे निम्मे फुगे फुटले होते. मी पैसे पुढं केले. त्यानं घेतले नाहीत.

त्या रात्री मला राईनपाडा आठवत राहिलं. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. मारणाऱ्यांतही कुणी आई-बाप असतील, आपण मुलांना वाचवतोय असं त्यांना वाटलं असेल. महाद्वार रोडवर माझ्या एका ओरडण्यानं तशी गर्दी जमायला अर्धं मिनिट पुरलं.

म्हणून मी पट्टा घेतला. पोरगं माझ्यापासून चार फुटांच्या आत आहे हे हाताला कळत असलं, की फुगेवाला मला फुगेवालाच दिसतो, दारात आलेली अनोळखी बाई बाईच दिसते. जिथं दोरी नको म्हणतात, तिथं काळजी काही कमी होत नाही. ती परक्या माणसावर संशय बनून जाते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात गरीब माणसावर.

"मग लक्ष ठेवायचं की," असं म्हणणारे असतातच. हे वाक्य नेहमी आईला ऐकवतात. बापाच्या हातून पोर निसटलं तर त्याला "होतं असं" म्हणतात. एका हातात पिशवी, एका हातात ओटीचं ताट, आणि लक्ष मात्र सेकंदभरही ढळू द्यायचं नाही. असं लक्ष कुणाचंच नसतं.

दोरीचे धोकेही आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत जवळपास 300 माणसं गेली. तशी दाटी होऊ लागली तर दोरी पायात अडकेल. तेव्हा क्लिप काढायची, पोर कडेवर किंवा खांद्यावर घ्यायचं आणि बाहेर पडायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचत असताना पोर खाली सोडूच नये, दोरी असो वा नसो. सरकत्या जिन्यावर दोरी नको, गळ्याजवळ तर कधीच नको. मनगटाच्या पट्ट्यापेक्षा छातीचा बरा, कारण हिसका बसला तर मनगटाचा पट्टाही हातच ओढतो. आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला आपला मोबाईल नंबर लिहून ठेवायचा. तरीही पोर हरवलंच तर 112 आणि 1098 हे नंबर पाठ असू द्यावेत.

अजून एक फरक सांगायला हवा. बांधकामावर आई विटा वाहत असते आणि पोराच्या पायातली दोरी दगडाला बांधलेली असते. ती दोरी आणि माझी दोरी एक नाही. तिथं पाळणाघर द्यायची जबाबदारी कुणीतरी टाळलेली असते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस नसतो. मी ज्या दोरीची बाजू घेतेय तिचं दुसरं टोक कायम कुणाच्या तरी हातात असतं. ते टोक खांबाला, बाकाला किंवा गाडीला बांधून फोन बघत बसायचं असेल, तर मावशींचं बरोबर आहे.

येत्या नवरात्रात मी पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार आहे. पोरगं तोवर मोठं झालेलं असेल, कदाचित पट्टा घालून घेणारही नाही. नाही म्हणालं तर त्याचं ऐकेन. पण घातला, आणि मावशी पुन्हा भेटल्या, तर या वेळी मान खाली घालणार नाही. सांगेन, "मावशी, प्वारच हाय. म्हणून तर धरलंय."