उजनीवर पॅडल बोर्डिंग: तासन्‌तास उभं राहून वल्हवताना शरीराचं काय होतं?

२१ मे २०२४. संध्याकाळची वेळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले. बोटीतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, म्हणून घटना लगेच कळली.

तो प्रवास नेहमीचा होता, अंतर फार नव्हतं आणि घात केला तो वाऱ्याने. उजनीवरच्या जलक्रीडांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण राज्य सरकारने मंजूर केलेल्या सुमारे २८२ कोटींच्या सोलापूरच्या पर्यटन आराखड्यात सगळ्यात मोठा वाटा उजनीच्या जलपर्यटनाचा आहे. आज ना उद्या इथे स्टँड-अप पॅडल बोर्ड, म्हणजे 'सप', येईल आणि पाठोपाठ त्याच्या शर्यतीही.

हा खेळ नेमका काय?

लांबट फळीवर उभं राहायचं आणि एकाच लांब वल्ह्याने पुढे जायचं. शर्यतीचे बोर्ड बहुतेक १४ फुटी आणि अरुंद असतात. रीलमध्ये दिसतं ते संथ पाण्यावरचं निवांत फिरणं. लांब पल्ल्याची शर्यत हे वेगळंच प्रकरण आहे. हवाईतली मोलोकाई ते ओआहू ही समुद्री शर्यत साधारण ५२ किलोमीटरची. नेदरलँड्समधल्या 'इलेव्हन सिटी' शर्यतीत कालव्यांमधून सुमारे २२० किलोमीटर वल्हवावं लागतं. बहुतेक जण ते पाच दिवसांत करतात, काही जण न थांबता. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लू किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय सप शर्यती झाल्या.

दंडात ताकद असली की झालं?

नाही. बहुतेकांचा गैरसमज होतो तो इथेच. वल्हं पुढे टाकून पाण्यात रोवायचं आणि कमरेतून वाकून शरीराचं वजन त्यावर द्यायचं, ही त्यातली खरी क्रिया. काम करतात ते पाठ, पोट आणि कमरेचे स्नायू. नुसत्या दंडांवर ओढणारा तासाभरात थकतो.

३० किलोमीटरला चार तास लागले आणि मिनिटाला ५० वेळा वल्हं मारलं, तर हिशेब १२ हजारांवर जातो. म्हणजे १२ हजार वेळा कमरेतून वाकायचं, तेही हलत्या फळीवर. तोल सांभाळण्यासाठी पोटऱ्या आणि घोट्यांचे छोटे स्नायू सतत काम करत राहतात. पावलं जवळपास एकाच जागी असल्याने तळव्यांना मुंग्या येतात, मग ते बधिर होतात. पाय बधिर झाले की तोल जातो. तोल गेला की पाण्यात पडणं आलं आणि पुन्हा चढून उभं राहण्यात उरलीसुरली ताकद जाते. म्हणून थकलेला माणूस जास्त पडतो आणि पडल्यामुळे आणखी थकतो.

आणि वारा?

महाराष्ट्राला लांब पल्ल्याचं पोहणं नवं नाही. धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटर अंतर कित्येकांनी पोहून पार केलंय. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर जगातल्या सात अवघड खाड्या पोहण्याचं 'ओशन्स सेव्हन' आव्हान २०१८ मध्ये पूर्ण केलं. पण पोहणारा पाण्यात आडवा असतो. बोर्डवरचा माणूस उभा असतो, आणि वाऱ्यासाठी उभा माणूस म्हणजे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो. वारा बाजूने आला तर बोर्ड सरळ ठेवण्यासाठी एकाच बाजूने वल्हवत राहावं लागतं. मग एक खांदा आणि कंबरेची एक बाजू आधी जाते. वारा समोरून आला तर वल्हवूनही माणूस जागच्या जागी राहतो. अशा वेळी गुडघ्यांवर बसायचं, त्याहून जास्त झालं तर बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारायचं. यात कमीपणा काही नाही, जाणकार हेच करतात.

सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जाणं नेहमीचंच. वर सूर्य, खाली पाण्यावरून परतणारं ऊन, सावली शून्य. वाऱ्यावर घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. शर्यतपटू पाठीवर नळीची पाण्याची पिशवी बांधतात आणि त्यात मीठ-साखरही घालतात, कारण तासन्‌तास नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घटून गरगरायला लागतं.

त्यात उन्हाळ्यात उजनी 'उणे'त जाते, तशी ती २०२४ मध्येही गेली होती. काठ दूर सरकतो, मध्ये चिखल उघडा पडतो. दमलेला माणूस काठाजवळ पोचला, तरी कोरड्या जमिनीवर पोचेलच असं नाही. मेमधल्या दुपारनंतर वळवाची भीती वेगळीच. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पाणी भरपूर असतं आणि ऊनही सोसतं. मात्र थंडीत भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात, तेव्हा शर्यतीचा मार्ग तिथून लांबच आखावा लागेल.

मग इथे शर्यत होऊ शकते का?

होऊ शकते. पण 'बोर्ड किती घ्यायचे' हा प्रश्न नंतरचा. धरमतरला पोहणाऱ्याच्या शेजारून बोट चालते, तशी सोबतीची बोट इथेही हवी. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. पाय आणि बोर्ड यांना जोडणारी दोरी हवी, कारण वाऱ्यात सुटलेला बोर्ड पोहून गाठता येत नाही. मार्ग सरळ पैलतीराला नेण्यापेक्षा काठाला धरून फेऱ्यांचा आखलेला बरा. सुरुवात उजाडताच करायची आणि वारा उठायच्या आत सगळे काठावर. वाऱ्याचा अंदाज बिघडला तर शर्यत रद्द करायचा अधिकार कोणाकडे, हे तिकीट विकण्याआधीच ठरलेलं असायला हवं.