कळीचा मुद्दा

संगणकाच्या तासाला माउस बिघडला की आम्ही हात बांधून बसतो. वास्तविक कळफलकावर सारी सोय आहे. विंडोज व आर या कळा एकत्र दाबाव्यात, चौकटीत इंग्रजीत ‘नोटपॅड’ लिहून एंटर दाबावे, प्रोग्रॅम हजर! १९९५ च्या विंडोजपासून हे चालत आले आहे. डेस्कटॉपवरील शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आपल्या पसंतीची कळही नेमता येते : कंट्रोल, ऑल्ट आणि एक अक्षर.

पण हे सांगते कोण? घरी संगणक असणारे खेळता खेळता शिकतात; घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला विचारायचीही लाज वाटते. म्हणून प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला या कळा फळ्यावर लिहाव्यात, असे माझे प्रामाणिक मत आहे. वेळ तर वाचेलच. पण मनातली भीती जाईल, हे अधिक मोलाचे.