संगणक डोमेनला जोडला जात नाही : आधी फॉरमॅट की आधी विचार?



संगणक अडला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे, "फॉरमॅट मारून टाका." शाळा असो, कार्यालय असो की गल्लीतलं झेरॉक्स सेंटर, उपाय तोच. माझ्या मते या वाक्याने संगणकाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त आपल्या लेकरांचं होतं. कारण न शोधताच पाटी पुसायची, ही सवय ती आपल्याकडे बघून उचलतात. एका साध्या उदाहरणावरून सांगतो. उदाहरण आहे कार्यालयात डोमेनला न जोडल्या जाणाऱ्या संगणकाचं.

डोमेन म्हणजे काय?

आपल्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात नाव दाखल झालं की मूल त्या शाळेचं झालं. वर्गात येऊन बसलं, पण रजिस्टरला नावच नाही, तर हजेरी कशी लावणार आणि निकाल कसा देणार? मोठ्या कार्यालयात, बँकेत, विद्यापीठात शेकडो संगणक असतात. तिथे असंच एक रजिस्टर एका मुख्य संगणकावर ठेवलेलं असतं. कोण कर्मचारी, कोणता संगणक आपला, कोणाला काय उघडता येईल, हे सगळं त्यात असतं. ही सगळी व्यवस्था म्हणजे डोमेन आणि रजिस्टर सांभाळणारा मुख्य संगणक म्हणजे डोमेन कंट्रोलर. मायक्रोसॉफ्टची यासाठीची अॅक्टिव्ह डिरेक्टरी ही व्यवस्था २००० साली विंडोज २००० सोबत आली. संगणक एकदा डोमेनला जोडला की कर्मचारी कोणत्याही टेबलावर बसून आपल्या नावाने आणि पासवर्डने काम करू शकतो.

यात ओळख पटवण्याची जी पद्धत वापरतात, तिचं नाव कर्बेरॉस. ती अमेरिकेतल्या एमआयटी या शिक्षणसंस्थेत तयार झाली. तिथे १९८३ मध्ये 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला होता. विद्यार्थ्याला कॅम्पसमधल्या कोणत्याही संगणकावर बसून आपलं काम करता यावं, हा त्याचा हेतू होता. म्हणजे आज कार्यालयात चालणारी ही गोष्ट मुळात विद्यार्थ्यांच्या सोयीतून आलेली आहे.

आपल्या दोन-चार संगणकांच्या जिल्हा परिषद शाळेला डोमेन लागत नाही. पण कार्यालयात, बँकेत नोकरी करणाऱ्या पालकांचा त्याच्याशी रोज संबंध येतो, आणि आपली मुलं उद्या तिथेच कामाला जाणार आहेत.

नेमकं काय अडलं होतं?

नांदेडमधल्या एका कार्यालयात नवीन संगणक आला. डोमेनला जोडायला गेले, तर संदेश आला की डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही. लगेच तीन मतं तयार झाली. एक म्हणाला विंडोज खराब, दुसरा म्हणाला केबल खराब, तिसरा म्हणाला व्हायरस. एकमत एकाच गोष्टीवर झालं, ते म्हणजे फॉरमॅट! इंटरनेट मात्र त्याच संगणकावर छान चालू होतं, याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

कारण निघालं डीएनएसचं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. ज्याने संगणक लावला, त्याने नेट फास्ट चालतं म्हणून तिथे ८.८.८.८ हा बाहेरचा सार्वजनिक पत्ता टाकून ठेवला होता. आता बघा, लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. तिथल्या एखाद्या बोळातलं दुकान शोधायचं, तर तिथल्याच माणसाला विचारावं लागतं. मुंबईच्या स्टेशनवर विचारून काय उपयोग? तिथला माणूस खोटं सांगत नाही, त्याला ते ठाऊकच नसतं. तसंच बाहेरच्या डीएनएसला जगातल्या वेबसाइटचे पत्ते माहीत असतात, पण कार्यालयाच्या आतल्या डोमेनचा पत्ता माहीत नसतो. कार्यालयाच्या स्वतःच्या डीएनएसचा पत्ता टाकला आणि काम झालं. फॉरमॅट करून सवयीने पुन्हा तोच ८.८.८.८ टाकला असता, तर अर्धा दिवस जाऊन पुन्हा तोच संदेश दिसला असता.

मग क्रम कसा असावा?

१. संदेश पूर्ण वाचा. "सापडला नाही" आणि "परवानगी नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात रस्ता चुकलाय, दुसऱ्यात दारापर्यंत पोचून दार उघडलं नाही. मोबाइलवर त्या संदेशाचा फोटो काढून ठेवा.

२. विंडोजची आवृत्ती बघा. होम आवृत्ती डोमेनला जोडलीच जात नाही. प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ लागते. होम असेल तर शंभर वेळा तेच होम टाकूनही उपयोग नाही.

३. जोडणी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की संगणकाचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. मग केबल, स्विच, वायफाय बघायचं.

४. डीएनएस बघा. वरचं उदाहरण याचंच आहे.

५. तारीख आणि वेळ बघा. संगणकाचं घड्याळ आणि डोमेन कंट्रोलरचं घड्याळ यात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल, तर साधारणपणे कर्बेरॉस ओळख मान्य करत नाही. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा गोल सेल असतो. तो संपला की वीज बंद होताच घड्याळ मागे जातं. सुट्टीनंतर उघडलेल्या शाळेतल्या संगणकावर हे हमखास दिसतं. तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत. आपण मात्र "पोर्टल डाऊन आहे" म्हणून मोकळे होतो.

६. नाव बघा. संगणकाचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवावं आणि त्या नावाचा दुसरा संगणक आधीच डोमेनमध्ये नसावा. एकाच नावाची दोन मुलं वर्गात असली की हजेरीत काय गोंधळ होतो, ते आपल्याला सांगायला नको!

७. परवानगी बघा. मूळ सेटिंगमध्ये साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरून जास्तीत जास्त १० संगणक जोडता येतात. पुढचं काम त्या कार्यालयाच्या नेटवर्क प्रमुखाचं. त्याचा पासवर्ड मागायचा नाही, त्यालाच बोलवायचं.

या सात पायऱ्यांत फॉरमॅट कुठेच आलेलं नाही. क्वचित तीही वेळ येते, पण सगळं तपासून झाल्यावर, आणि महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे घेतल्यावर. शाळेच्या संगणकावर वर्षभराची निकालपत्रकं, स्कॅन केलेली कागदपत्रं, लेकरांचे फोटो असतात. फॉरमॅट मारणारा जातो आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा पहिल्यापासून टायपिंगला बसतो.

याचा आपल्या वर्गाशी काय संबंध?

लातूर पॅटर्नचा आपल्या भागाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. सराव, शिस्त, मेहनत यांवर खेड्यातली मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर चार पर्यायांतच कुठेतरी असतं. बिघाडाला पर्याय दिलेले नसतात आणि शेवटच्या पानावर उत्तरसूचीही नसते. पटापट गोल काळे करणारा मुलगा प्रोजेक्टर लागला नाही की जागेवरून ओरडतो, "सर, चालंना!" काय चालंना, कधीपासून चालंना, लाइट लागतो का, केबल बसलीय का, हे प्रश्न त्याला सुचत नाहीत. कारण ते विचारायला आपण शिकवलेलंच नाही. एमएस-सीआयटी आपण सगळ्यांनी केली. त्यातून संगणक चालवायला शिकलो. तो अडल्यावर विचार कसा करायचा, ही वेगळी शिकवणी आहे.

काही सर आणि मॅडम म्हणतील, "आम्ही काय इंजिनिअर आहोत का? आधीच ऑनलाइन कामांनी जीव मेटाकुटीला आलाय." त्यांचं दुखणं खरं आहे. पण आपण डॉक्टरही नाही. तरी वर्गात मूल मलूल दिसलं की कपाळाला हात लावतो, सकाळी जेवलास का विचारतो, कधीपासून दुखतंय विचारतो. उपचार डॉक्टर करतात, पण नीट माहिती आपण देतो. संगणकाच्या बाबतीत तेवढंच करायचं आहे. "चालत नाही" असं सांगितलं की दुरुस्तीवाला फॉरमॅटच सुचवणार. "हा संदेश आला, तारीख बरोबर आहे, नेट चालू आहे" असं सांगितलं की त्यालाही विचार करावा लागतो.

आणि ही सवय लागली की ती संगणकापुरती राहत नाही. एखादं लेकरू वाचनात मागे पडलं की "याचं डोकंच चालत नाही" असं आपण म्हणून जातो. हेही एक प्रकारचं फॉरमॅटच झालं. त्याला फळा दिसतो का? किनवट भागात घरी बंजारा किंवा गोंडी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलत असतील का? आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे चार महिने शाळा बुडाली का? एकेक गोष्ट तपासत गेलं की बहुतेक वेळा कारण सापडतं, आणि ते डोक्यात नसतं.

एवढं नक्की करून बघू

पाचवी ते सातवीच्या वर्गात एक 'बिघाड-वही' ठेवा. त्यात चार रकाने असावेत : काय दिसलं, काय तपासलं, काय बदललं, पुढे काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पडला नाही तर ती पूर्ववत करून मगच पुढची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तरी कशाने झाला हे कळत नाही. मुलांनी निरीक्षण करायचं आणि लिहायचं. विजेच्या जोडणीला, उघड्या कॅबिनेटला आणि पासवर्डला त्यांनी हात लावायचा नाही.

पालकांनीही घरी हेच करावं. रिमोट चालेना, सायकलची चेन उतरली, मोटार पाणी ओढेना, तर लगेच दुरुस्त करून देऊ नका. आधी लेकराला विचारा, "तुला काय वाटतं, कशामुळे झालं असंल?" उत्तर चुकलं तरी चालेल. ते कसं तपासायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न विचारा.

कारण शोधायची सवय असलेलं मूल उद्या कोणत्याही कार्यालयात गेलं तरी अडून बसणार नाही. त्यासाठी शाळेला नवीन निधी किंवा नवीन संगणक लागत नाही. जो संगणक कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलाय, त्याच्यापासूनच सुरुवात करता येईल.

बघा, पटतंय का.