चोरी आणि चालढकल

अमेरिकेतील ब्लॅकबॉड ही कंपनी शाळा, विद्यापीठे व धर्मादाय संस्था यांच्या देणगीदारांच्या नोंदी संगणकावर सांभाळते. २०२० च्या मे महिन्यात तिला या नोंदींची चोरी उमगली. ग्राहकसंस्थांना ती कळली १६ जुलैला. बँकखात्यांचा तपशील सुरक्षित असल्याची ग्वाहीही तेव्हा देण्यात आली. ती चुकीची असल्याचे कंपनीतील कर्मचाऱ्यांना थोड्याच दिवसांत समजले. पण हे वरिष्ठांपर्यंत पोचविण्याची व्यवस्थाच नव्हती. चोरट्यांना खंडणी मात्र पोचली! २०२३ मध्ये ४९ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीने सुमारे पाच कोटी डॉलर देणे मान्य केले. चोरी कोणाकडेही होऊ शकते. परंतु दुसऱ्याची ठेव गेल्याचे सांगण्यात चालढकल करणे हा विश्वासघातच होय. चोरी किती दिवसांत कळविणार, हे ग्राहकसंस्थांनी आता करारातच लिहून घ्यावे.