इस्पितळातली सही कुणाची?

नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या आमच्या मुलामुलींना घरचे एकच सांगतात, पुन्हा बस! आम्ही वेगळे सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. एक नियमित, दुसरी दूरशिक्षणाने, असेही चालते. मग जीवशास्त्रासोबत रुग्णालय व्यवस्थापन का शिकू नये? इस्पितळात झाडू आमच्या हाती. औषधखरेदीवरची, कंत्राटावरची सही मात्र दुसऱ्याची! जंतुसंसर्ग कसा पसरतो हे शिकलेला आपला व्यवस्थापक सफाई कामगाराला हातमोज्याशिवाय कचरा उचलायला लावताना दहादा विचार करील. बाबासाहेबांनीही कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अभ्यासले होते. अडचण शुल्काची आहे. शिष्यवृत्ती दोन्ही पदव्यांना हवी. नाहीतर ही मुभा पैसेवाल्यांच्याच पोरांची. सामाजिक न्याय विभाग यावर बोलणार की नाही?