हात चुकेल, तार चुकू नये

घरी विमान बांधणे हा आपल्याकडे अजूनही नवलाचा विषय आहे. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले, २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, तेव्हा अनेकांना ती एक चमत्कारिक हौस वाटली. अमेरिकेत मात्र ही हौस चांगलीच रुजलेली आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन केली आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी त्यांची मोठी जत्रा भरते. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे, असा तिथला नियम आहे. साहजिकच सुतार, तारतंत्री आणि वैमानिक बहुधा एकच असतो.

या एकाच माणसापाशी एक लहानसा प्रश्न येतो. त्याचे विमान गुळगुळीत आणि हलके असते. खाली उतरताना ते वेग सोडायला तयार नसते. म्हणून पंखांवर किंवा पोटाखाली एक पाते बसवतात. ते उघडले की वारा अडतो आणि विमान वेग न वाढवता खाली येते. हाच स्पीड ब्रेक. पाते विजेवर चालणारे असेल, तर त्याचे बटण कसे जोडायचे? बांधणारा म्हणतो, “त्यात काय? दोन तारा, एक बटण आणि खाली सूचनेची पट्टी. विमान माझे, बटण माझे, मला ठाऊक नाही का?”

माझ्या मते हा आत्मविश्वासच सर्वांत धोक्याचा आहे. मोठ्या विमानांचा इतिहास तेच सांगतो. ५ जुलै १९७० रोजी टोरांटो येथे एअर कॅनडाचे डीसी-८ विमान उतरत होते. पंखांवरची स्पॉयलर नावाची पाती जमिनीला टेकल्यावर उघडायची होती. त्यांना सज्ज करण्याचा आणि उघडण्याचा दांडा एकच होता. सहवैमानिकाच्या हातून ती साठेक फुटांवरच उघडली आणि १०९ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकी हवाई खात्याने काय केले? ‘हवेत उघडू नये’ अशी सूचना लावायला सांगितली. तीन वर्षांनी, जून १९७३ मध्ये, न्यूयॉर्कला दुसऱ्या एका डीसी-८ विमानात तीच चूक घडली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मग कुठे पाती हवेत उघडूच नयेत असे कुलूप सक्तीचे झाले. जे पाटीला साधले नाही, ते कुलपाकडे सोपवावे लागले.

उघडणे चुकते, तसे मिटणेही राहून जाते. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले; १६३ जणांपैकी १५९ दगावले. मूळ चूक दिशेची होती. पण डोंगराचा इशारा मिळताच वैमानिकांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक वर उचलले, आणि स्पीड ब्रेक तसेच उघडे राहिले. विमान वाचले असते की नाही, हा वाद बाजूला ठेवू. जीव वाचवण्याच्या धडपडीत कसलेले हातही एक दांडा विसरले, एवढे पुरे आहे.

मग घरच्या विमानात काय करावे? थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला की एक छोटा खटका दाबला जावा आणि ब्रेक आपोआप मिटावेत. दोन्ही पंखांवरच्या पात्यांना बटण एकच असावे, कारण एकच उघडले तर विमान त्या अंगाला कलते. उघडे ठेवायला वीज लागावी, मिटायला नुसती स्प्रिंग पुरावी, म्हणजे फ्यूज उडाला तरी पाते आत जाईल. समोरचा दिवा पाते खरोखर उघडल्यावरच लागावा. नुसते बटण दाबल्याने लागणारा दिवा फसवतो. आणि हे बटण फ्लॅपच्या बटणापासून दूर, हाताला वेगळे लागेल अशा आकाराचे असावे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक जादा खटका म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. खरे आहे. म्हणून जोडणी अशी हवी की बिघाड झालाच तर तो ब्रेक मिटण्याच्या बाजूने व्हावा, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी जमिनीवर दोन मिनिटांत तिची परीक्षा घेता यावी. एवढे जमत नसेल, तर स्पीड ब्रेकचा मोहच टाळावा.

प्रेशर कुकरच्या झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, म्हणून गृहिणीचा कोणी अपमान मानत नाही. घाईची सकाळ, दारावरची बेल, रडणारे मूल हे सारे गृहीत धरूनच तो बसवलेला असतो. विमान बांधणाऱ्यानेही स्वतःला हीच सवलत द्यावी. गॅरेजमध्ये शांतपणे तारा जोडणारा माणूस आणि ढगांत घाबरलेला माणूस यांचे नाव एकच असले, तरी डोके एक नसते. पहिल्याने दुसऱ्याची काळजी घ्यायची असते. शेजारच्या खुर्चीत बहुधा घरचेच कोणी बसलेले असते, आणि त्याला त्या बटणाची काहीच माहिती नसते.